संख्यानामे आणि मंदावलेला विचार : मल्टिपल स्क्लेरोसिसमधील संगणकीय बोधन-पुनर्वसनाचा मराठीच्या दृष्टीने इतिहास

वैद्यकातील एका उपचारपद्धतीचा इतिहास भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने लिहावा, हे कित्येकांस अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या रोगात विचाराची गती मंदावते व स्मरण दुबळे होते, आणि त्यांवर संगणकाच्या साहाय्याने उपाय करण्याचे जे प्रयत्न अलीकडच्या दशकांत झाले, त्यांचा पाया काही थोड्या कसोट्यांवर उभा आहे. या कसोट्यांची सामग्री पाहिली तर ती शब्दांच्या याद्या, लहान गोष्टी आणि मुख्यतः एक ते नऊ हे अंक एवढीच आहे. म्हणजे ती भाषेची सामग्री आहे. ही सामग्री इंग्रजीत घडली आणि इंग्रजी बोलणाऱ्यांवर प्रमाणित झाली. ती मराठीत आणावयाची तर शब्दाला शब्द ठेवून भागेल काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. कागल तालुक्यातील मुरगूड व त्याच्या आसपासची बोली उदाहरणादाखल घेतली आहे. प्रमाण मराठीपुरते पाहून जे लक्षात येत नाही, ते तिच्यामुळे लक्षात येते.

प्रथम रोगाविषयी थोडेसे. मेंदू व पृष्ठरज्जू यांतील मज्जातंतूंभोवती मायलिन नावाचे मेदयुक्त वेष्टन असते. या रोगात शरीराची प्रतिकारयंत्रणाच त्या वेष्टनावर हल्ला करते. जागोजाग व्रण पडतात आणि तंतूंतून जाणारे संदेश अडखळतात किंवा विलंबाने पोहोचतात. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात ज्याँ-मार्तँ शार्को याने १८६८ मध्ये या रोगाचे सुसंगत वर्णन केले. पाठ्यपुस्तकांनी त्याच्या नावावर डोळ्यांचा कंप, हातांचा कंप आणि तुटक बोलणे ही तीन लक्षणे जपून ठेवली. पण शार्कोने याच रुग्णांत स्मृती क्षीण होते व कल्पना सावकाश बनतात, हेही नोंदवले होते. पुढील शंभर वर्षे वैद्यकाने हा भाग जवळजवळ दृष्टीआड केला.

असे का झाले, याचे एक कारण मोजमापाच्या साधनात आहे. अमेरिकन मज्जाविज्ञ जॉन कुर्ट्झके यांनी १९५५ मध्ये अपंगत्वाची एक श्रेणी बनवली व १९८३ मध्ये ती विस्तारली. जगभर तीच वापरात आली. या श्रेणीच्या वरच्या अर्ध्या भागात रुग्ण किती अंतर चालू शकतो आणि काठी लागते की चाकाची खुर्ची, यावरच बहुतेक सारे अवलंबून असते. जो उत्तम चालतो पण दुकानाचा हिशेब पूर्वीसारखा करू शकत नाही, त्याला या श्रेणीत जवळजवळ स्थान नाही. १९९१ मध्ये स्टीफन राव व त्यांचे सहकारी यांनी समाजातील १०० रुग्ण व १०० निरोगी व्यक्ती यांची तुलना केली, आणि रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्क्यांमध्ये बोधनाची उणीव दाखवली. तेव्हापासून हा विषय टाळणे अशक्य झाले.

ही उणीव कोणत्या स्वरूपाची असते, हे नीट समजून घेतले पाहिजे. वृद्धापकाळातील विस्मरणाशी तिची गल्लत होते, ती योग्य नाही. या रोगात शब्दसंपत्ती व व्याकरण बहुधा शाबूत राहतात आणि माणूस बोलतो नीटच. हानी होते ती मुख्यतः वेगाची आणि एकाच वेळी दोन गोष्टी मनात धरण्याच्या सामर्थ्याची. रोग बहुधा वीस ते चाळीस या वयात प्रकट होतो व स्त्रियांत अधिक आढळतो. त्यामुळे घरातील कर्त्या सुनेला दोन माणसे एकदम बोलू लागली की काही कळेनासे होते, आणि घरचे लोक त्यास लक्ष नसणे किंवा आळस असे नाव देतात. रोगाला रोग म्हणून ओळखण्यासाठी येथे कसोटीखेरीज दुसरा साक्षीदार नाही. म्हणून कसोटीतील दोष हा नुसता शास्त्रीय दोष राहत नाही.

भारतात हा रोग नाहीच, अशी समजूत दीर्घकाळ होती. मुंबईचे नोशिर वाडिया यांनी भाटिया यांच्यासह १९९० मध्ये पारशी समाजातील या रोगाच्या प्रमाणाविषयी लिहिले आणि त्या समजुतीला मोठा धक्का दिला. त्याआधीच १९८५ मध्ये रहमत फाजलभॉय यांनी मुंबईत मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली होती. ते स्वतः या रोगाने ग्रस्त होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ज्या २१ प्रकारांना मान्यता दिली, त्यांत या रोगाचे नाव आहे. कायद्याने ओळख मिळाली, तरी मराठीत बोलणाऱ्या रुग्णाचा विचार कितपत मंदावला हे कशाने मोजावयाचे, हा प्रश्न उरतोच.

रूढ कसोट्यांपैकी दोन येथे महत्त्वाच्या आहेत. पहिली आरन स्मिथ यांची, १९७३ मधील. हिला आपण चिन्हांक-कसोटी म्हणू. कागदाच्या माथ्यावर नऊ चिन्हे व त्यांखाली नऊ अंक छापलेले असतात. खाली नुसती चिन्हे असतात आणि ९० सेकंदांत जितक्यांचे अंक सांगता येतील तितके सांगावयाचे. दुसरी न्यूझीलंडच्या डोरोथी ग्रॉनवॉल यांची, १९७० नंतरच्या दशकातील. हिला श्रवण-बेरीज कसोटी म्हणावे. ग्रॉनवॉल यांना डोक्याला मार बसलेले लोक कामावर परतण्याजोगे झाले की नाही, हे पाहावयाचे होते. ध्वनिमुद्रित आवाज दर तीन सेकंदांनी एक याप्रमाणे ६१ अंक ऐकवतो. ऐकलेला प्रत्येक अंक त्याच्या आधीच्या अंकात मिळवून बेरीज मोठ्याने सांगावयाची. ‘सहा’ आणि मग ‘आठ’ ऐकले की ‘चौदा’ म्हणावयाचे. पण पुढे ‘पाच’ आला तर तो चौदात न मिळवता आठात मिळवून ‘तेरा’ म्हणावयाचे. आपलेच उत्तर विसरून दुसऱ्याचा अंक लक्षात ठेवणे, ही तिची खरी मेख आहे. १९९० नंतरच्या दशकाअखेर या रोगाच्या संयुक्त मापनात ती समाविष्ट झाली. रुग्णांना ती फार त्रासदायक वाटते. म्हणून पुढे अनेकांनी तिच्याऐवजी चिन्हांक-कसोटीच पुरस्कारली.

मोजण्यापासून सुधारण्यापर्यंतचा प्रवास वेगळ्या वाटेने झाला. दुसऱ्या महायुद्धात मेंदूला जखमा झालेल्या सोव्हिएत सैनिकांवर अलेक्सांद्र लुरिया यांनी काम केले. नष्ट झालेले कार्य मेंदूच्या उरलेल्या भागांकडून नव्या मार्गाने करवून घेता येते, हा विचार त्यांनी मांडला व त्यावरील ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. घरगुती संगणक १९८० च्या सुमारास आले, तेव्हा हा अभ्यास यंत्राकडे सोपवण्याची कल्पना साहजिकच पुढे आली. यंत्र थकत नाही, कंटाळत नाही आणि रुग्णाला जमू लागले की काम आपोआप थोडे अवघड करते. जर्मनीतील माग्देबुर्ग येथील ‘रेहाकॉम’ ही प्रणाली या परंपरेतील एक प्रसिद्ध नाव होय.

फलिताविषयी मतभेद आहेत आणि ते झाकून ठेवू नयेत. न्यूयॉर्क येथील ली शार्वेट व सहकारी यांनी २०१७ मध्ये १३५ रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्या रुग्णांनी घरी बसून १२ आठवडे रुग्णानुसार अवघड होत जाणारे संगणकीय व्यायाम केले, तर उरलेल्यांनी साधे संगणकीय खेळ खेळले. व्यायाम करणाऱ्यांची बोधनशक्ती अधिक सुधारली. उलटपक्षी टोरांटोचे अँथनी फाइनस्टाइन यांच्या नेतृत्वाखाली सहा देशांतील ३११ रुग्णांवर झालेला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहावा. यातील रुग्णांचा रोग सतत वाढत जाणाऱ्या प्रकारचा होता. येथे संगणकीय अभ्यास व शारीरिक व्यायाम यांची जोड देऊनही लुटुपुटूच्या उपचारांहून अधिक लाभ दिसला नाही. आणि लाभाचे मुख्य माप कोणते होते? तीच चिन्हांक-कसोटी. उपचार कितीही नवा असला, तरी निवाडा जुन्या मापानेच होतो. ते माप मराठीत कसे वागेल, हे ठाऊक असल्याशिवाय अशा प्रयोगांचे निष्कर्ष आपल्याकडे जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत.

मराठीत असा विचार पूर्वी कोणी केलाच नाही, असे मात्र नाही. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन-श्रेणीची कन्नड व मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी पुनर्रचना केली आणि १९३४ मध्ये त्यावर एका ब्रिटिश नियतकालिकात निबंध लिहिला. १९४० मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. बिने-कामत कसोटी या नावाने ती पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहिली. कामतांचे महत्त्व केवळ भाषांतरात नाही. कोणता प्रश्न कोणत्या वयाच्या मुलाला जमतो, हे त्यांनी येथील मुलांवर तपासून पाहिले व त्यानुसार प्रश्नांचे स्थान ठरवले. आज मुरगूड महाराष्ट्रात व जवळचेच निपाणी कर्नाटकात आहे, परंतु कामतांनी या दोन भाषांचा विचार एकत्र केला होता. २०२० मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने स्मृतिभ्रंशाच्या निदानासाठी प्रसिद्ध केलेल्या बोधन-कसोट्यांच्या संचात हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मलयाळम या पाच भाषा होत्या. त्या पहिल्या पाचांत कन्नड होती, मराठी नव्हती. १९३४ मध्ये ज्या दोघींनी एकत्र आरंभ केला, त्यांतली एक मागे राहिली, ही गोष्ट मराठी विद्यापीठांना भूषणावह नाही.

आता संख्यानामांकडे वळू. १९८० मध्ये एलिस व हेनेली यांनी वेल्श व इंग्रजी या दोन्ही भाषा बोलणाऱ्या लोकांची अंकस्मृती तपासली. वेल्शमध्ये तीच माणसे कमी अंक लक्षात ठेवीत. वेल्श संख्यानामे उच्चारण्यास अधिक वेळ घेतात आणि मनातल्या मनात घोकताना तो वेळ खर्च होतो, असा त्यांचा उलगडा होता. या दृष्टीने मराठी पाहावी. एक, दोन, तीन, चार, पाच, सात, आठ ही सात नावे एका अक्षरावयवाची आहेत, तर ‘सहा’ व ‘नऊ’ ही दोन दोन अवयवांची आहेत. इंग्रजीत एकाहून अधिक अवयवांचे नाव एकच, सातचे. म्हणजे प्रमाण मराठी इंग्रजीहून किंचित लांब ठरते. पण मुरगूडकडील माणूस बोलताना ‘सहा’ म्हणत नाही, ‘सा’ म्हणतो. ‘नऊ’चे तो ‘नव’ करतो आणि ‘दहा’चे ‘धा’. त्याची नऊच्या नऊ नावे एका अवयवाची होतात. पुण्याच्या उच्चारांवर बसवलेली प्रमाणके त्याला लावली, तर त्याच्या बोलीचा लाभ त्याच्या मेंदूच्या खात्यावर जमा होईल आणि त्याची खरी उणीव झाकली जाईल. फरक सूक्ष्म आहे, हे मान्य. पण ज्या रोगात मोजावयाची गोष्टच सेकंदाच्या अंशांची, तेथे सूक्ष्म म्हणून तो सोडून देता येत नाही.

बेरजांकडे पाहिले तर निराळी गंमत दिसते. श्रवण-बेरीज कसोटीत उत्तरे अठराच्या पुढे जात नाहीत. इंग्रजीत तेरापासून अठरापर्यंतच्या सहा नावांचा शेवट सारखा, तर मराठीत अकरा, बारा, तेरा, पंधरा, सतरा, अठरा या सहांचा. योगायोगाने संख्याही सारखीच. तथापि इंग्रजी ‘फोर्टीन’मध्ये ‘फोर’ धडधडीत ऐकू येतो. उत्तर म्हणून ते उच्चारले की चार हा नको असलेला अंक पुन्हा मनात घुसतो. मराठी ‘चौदा’त ‘चार’ ऐकू येत नाही. ‘सोळा’ हे संस्कृत ‘षोडश’पासून प्राकृतातून इतके झिजत आले आहे की त्यात ‘सहा’चा मागमूस उरलेला नाही. तेव्हा उत्तराने प्रश्नात लुडबूड करण्याचा धोका मराठीत कमी असावा, असे माझे अनुमान आहे. ते अनुमानच आहे आणि प्रयोगाने ते खोटेही ठरेल. परंतु हा प्रश्न इंग्रजी कसोटीचे भाषांतर करणाऱ्याच्या मनात येण्याचेच कारण नसते.

वीसच्या वर मात्र मराठीची बाजू अवघड होते. शंभरातून सात सात वजा करीत जाण्याचा जुना मनोवैद्यकीय अभ्यास घ्या : त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. शहाऐंशीवरून एकोणऐंशीवर येताना दशक आठावरून सातावर उतरतो, पण नावातील ‘ऐंशी’ जागचा हलत नाही. शिवाय एकम आधी बोलावा लागतो व दशक मागून, तर पडद्यावर टंकताना क्रम नेमका उलटा. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’च्या जोडीने ‘वीस सात’ असे वाचन दिले, तेव्हा महाराष्ट्रभर वादळ उठले. समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी मुलांच्या अडचणीचे कारण पुढे केले, तर विरोधकांनी भाषेच्या परंपरेचे. त्या वादात एक गोष्ट उघड झाली : मराठीत दोन अंकी संख्या ऐकून लिहिणे ही निरोगी बालकालाही मेहनतीची क्रिया आहे. मग मंदावलेल्या मेंदूला ती तशी वाटली, तर दोष रोगाचा किती व भाषेचा किती? जर्मन भाषेतही एकम आधी येतो. म्हणून रेहाकॉमसारख्या जर्मनीत जन्मलेल्या प्रणालीचा जर्मन रुग्णांवरील अनुभव या एका बाबतीत आपणांस इंग्रजीहून अधिक उपयोगी पडावा. मुरगूडच्या जुन्या पिढीत आणखी एक पद्धत ऐकू येते, ती विसांनी मोजण्याची. ‘दोन इसा आणि धा’ म्हणजे पन्नास. अशा माणसाला दशमान नावांच्या शर्यतीत उतरवणे म्हणजे त्याच्याकडून एका वेळी दोन कामे करवून घेणे होय.

चिन्हांक-कसोटी भाषेपासून मुक्त आहे, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते पुरते खरे नाही. अंक कोणत्या लिपीचे छापावयाचे? संविधानाच्या ३४३ व्या अनुच्छेदाने संघराज्याच्या कामकाजासाठी आंतरराष्ट्रीय रूप स्वीकारले. नोटांवरील मोठे अंक व भ्रमणध्वनी यांवर तेच रूप असते. शाळेतल्या मराठी पुस्तकात मात्र देवनागरी अंक असतात. देवनागरी एकाचे वळण आंतरराष्ट्रीय नवाशी मिळतेजुळते आहे. दोन्ही लिप्या रोज वाचणाऱ्यास एरवी त्याने अडत नाही, पण ९० सेकंदांच्या घाईत क्षणभर अडू शकते आणि कसोटीत तो क्षणच मोजला जातो. शब्द आठवण्याच्या कसोट्यांचा प्रपंच तर स्वतंत्र निबंधाचा आहे. ‘क’ने सुरू होणारे शब्द सांगा, असे म्हटले की बाराखडी शिकलेला माणूस ‘की’ आणि ‘को’ यांचे शब्द चालतील काय, असे विचारतो. त्याच्या लेखी ती निराळी अक्षरे आहेत. इंग्रजी कसोटीकाराला ही शंका सुचणेच शक्य नव्हते.

पाठांतराचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे पाढे घोकण्याची रीत होती. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी यांची रोज संध्याकाळी उजळणी होई. ज्याने बालपणी ही उजळणी केली आणि पुढे चाळीस वर्षे बाजारात तोंडी हिशेब केला, त्याला आठ आणि पाच यांची बेरीज करावी लागत नाही. ती त्याच्या जिभेवरच असते. श्रवण-बेरीज कसोटीत तो निरोगी ठरेल आणि घरचे लोक सांगत असलेला बदल डॉक्टरांना दिसणार नाही. उलट तिसरीत शाळा सुटलेली, पण शेत व गोठा चोख सांभाळणारी बाई याच कसोटीत रोगी ठरेल. दोघांच्याही बाबतीत चूक मापाची आणि भोगणारा रुग्ण. म्हणून वय व शिक्षण यांच्या जोडीला पाठांतराचा व व्यवसायाचा विचार करूनच मराठी प्रमाणके बनली पाहिजेत. इंग्रजी प्रमाणकांत असा रकाना असण्याचे कारणच नव्हते.

घरी बसून संगणकावर अभ्यास करण्याची पद्धत मुरगूडसारख्या गावाला तत्त्वतः फार सोयीची आहे. या रोगात उष्णतेने लक्षणे तात्पुरती वाढतात. शारीरिक श्रमाने दृष्टी तात्पुरती मंदावते, हे उथोफ यांनी १८९० मध्ये नोंदवले होते. थकवा तर या रोगाचा नित्याचा सोबती. एप्रिलच्या उन्हात एसटीने कोल्हापूर वा बेळगाव गाठून, रांगेत बसून दिलेल्या कसोटीत प्रवासही मोजला जातो. घरातील सावलीत, सकाळच्या वेळी, दूरध्वनीच्या पडद्यावर तेच काम झाले तर माप अधिक प्रामाणिक येईल. अट एवढीच की, यंत्राला त्या घरातली मराठी कळली पाहिजे. उत्तर ऐकून तपासणाऱ्या प्रणालीने ‘धा’ हे चूक धरले, तर रुग्ण दुसऱ्या दिवशी तो खेळ उघडणार नाही.

काम कोठून सुरू करावे, याविषयी माझी सूचना मर्यादित आहे. कागल तालुका आणि निपाणी या सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मराठी भाषकांतून वय, शालेय शिक्षण, तोंडी हिशेबाची सवय व दुसरी भाषा यांच्या नोंदीसह निरोगी व्यक्ती निवडाव्यात. त्यांना तीच ६१ अंकांची मालिका दोनदा ऐकवावी, एकदा प्रमाण उच्चारात व एकदा त्यांच्या बोलीत. कोणाला आधी कोणती ऐकवावयाची, तो क्रम आलटूनपालटून ठेवावा. दोहोंतील तफावत हाती आली की रुग्णांकडे जाता येईल. त्यासाठी मज्जाविज्ञ व मानसशास्त्रज्ञ लागतील. पण ध्वनिमुद्रणाच्या वेळी ‘सहा’ म्हणावे की ‘सा’, हे ठरवण्यासाठी भाषाविज्ञानाचा विद्यार्थी तेथे हजर असावा लागेल.